चाकामागे चाक : सायकल क्लबाबरोबरची पहिली फेरी

जर्मनीतल्या मराठी घराच्या तळघरात एक सायकल बहुधा असतेच. आल्या वर्षी हौसेने घेतलेली, दोन उन्हाळे चालवलेली आणि मग मुलांच्या जुन्या खेळण्यांमागे उभी करून ठेवलेली. ज्या पुण्याला एके काळी सायकलींचे शहर म्हणत, तिथून आलेल्या घरांतही हेच चित्र दिसते. ती सायकल बाहेर काढावी आणि गावातल्या क्लबाबरोबर एकदा तरी फेरी मारून यावी, एवढे सुचवण्यासाठी हा लेख.

हृदयाचा हिशोब

आधी थोडे अप्रिय वाटेल असे. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ या मोठ्या अभ्यासातून २००७ साली असे पुढे आले की, भारतीय उपखंडातल्या लोकांना हृदयविकाराचा पहिला झटका सरासरी वयाच्या ५३व्या वर्षी येतो. इतर देशांत तो सुमारे ५९व्या वर्षी येतो. कारणे मात्र गूढ नव्हती. रक्तदाब, साखर, चरबी, धूम्रपान, पोटाचा घेर, व्यायामाचा अभाव ही नेहमीचीच मंडळी आपल्याकडे लवकर हजेरी लावतात. दिवसभर संगणकापुढे बसणाऱ्या आपल्या पिढीने ५३ हा आकडा तिशीतच लक्षात ठेवलेला बरा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवला आहे. रविवारची अडीच तासांची एक फेरी म्हणजे बरोबर १५० मिनिटे. ती आठवड्यात वाटून केली तर अधिक चांगले. पण एकट्याने ठरवलेला व्यायाम पहिल्या पावसात बुडतो आणि आठ माणसे चौकात वाट पाहत असली की पाय आपोआप निघतात, हा अनुभव सर्वांचाच असेल.

क्लब कसा निवडावा?

इथे दोन प्रकारचे गट भेटतात. पहिला सहलीचा. १९७९ साली ब्रेमेनला स्थापन झालेल्या आ-डे-एफ-त्से या सायकलस्वारांच्या देशव्यापी संघटनेचे आज दोन लाखांहून अधिक सभासद आहेत आणि तिच्या शाखा ठिकठिकाणी सहली काढतात. बहुतेक सहलींना सभासद नसलेल्यांनाही थोडेसे शुल्क भरून जाता येते. गिअरची साधी सायकल पुरते. दुसरा प्रकार गावातल्या क्रीडा-फेराइनचा. तिथे बारीक टायरच्या सायकली आणि वेग अधिक.

निवडताना जाहीर केलेला वेग नीट पाहावा. हवा कापायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी २० ऐवजी २५ कि.मी. जायचे म्हटले तर वेग सव्वापट होतो, पण हवेसाठी लागणारी शक्ती जवळजवळ दुप्पट! कागदावरचे ५ कि.मी. मांड्यांना फार मोठे वाटतात. म्हणून पहिल्यांदा आपल्याला झेपेल त्याहून एक पायरी खालचा गट घ्यावा. उलट बाजूने हेच गणित आपल्याला मदतही करते. दुसऱ्याच्या चाकामागे राहिले की हवेचा भार पुढचा उचलतो आणि एकट्याला न झेपणारे अंतर गटात सहज पार पडते.

प्रत्यक्ष फेरी

गेल्या मे महिन्यात मी हायडेलबर्गहून अशा एका गटाबरोबर प्रथमच गेलो. लाडेनबुर्ग, तिथून श्वेत्झिंगेन आणि परत, असे सुमारे ४० कि.मी. आम्ही बारा जण होतो. त्यांत सत्तरीच्या एक आजी सर्वांत पुढे. ऱ्हाइनचे हे मैदान सपाट आहे. सायकलच्या पूर्वजानेही पहिली दौड इथेच मारली. १२ जून १८१७ रोजी कार्ल द्राइस मानहाइमहून श्वेत्झिंगेनच्या दिशेने, पेडल नसलेल्या आपल्या दुचाकीवर पायाने जमीन रेटत निघाला आणि जाऊन-येऊन सुमारे १४ कि.मी. अंतर त्याने तासाभराच्या आत कापले.

माझी धास्ती पायांची नव्हती, भाषेची होती. कार्यालयात सगळे इंग्रजीवर निभावते. इथे मात्र पाचसहा शब्दांत भागले. ‘पोलर’ म्हणजे वाटेतला खांब, ‘लोख’ म्हणजे खड्डा, ‘आउटो फोन हिंटन’ म्हणजे मागून मोटार, ‘फ्राय’ म्हणजे रस्ता मोकळा. पुढचा ओरडतो, आपण ऐकून मागच्यासाठी ओरडायचे. मधल्या एकाने आळस केला तर शेवटचा खांबावर आदळेल, म्हणून नवख्याचाही आवाज लागतोच. श्वेत्झिंगेनला शतावरीची शेते पाहत कॉफीला थांबलो तेव्हा माझे मोडके जर्मन कोणाला खटकले नाही. पुढच्या रविवारी येणार का, एवढेच त्यांनी विचारले. चार वर्षे शेजारी राहून ‘हालो’पुढे न गेलेली ओळख इथे दोन तासांत पुढे सरकली.

नियम आणि सावधगिरी

• पुढच्याच्या मागच्या चाकाशेजारी आपले पुढचे चाक नेऊ नये. चाके घासली तर पडतो तो मागचा. अचानक ब्रेक लावू नये.

• १५ हून अधिक सायकलस्वारांचा सलग गट कायद्याने एकच वाहन धरला जातो. पहिला हिरव्या दिव्यावर निघाला की बाकीच्यांनी मागोमाग जावे. गट त्याहून लहान असेल तर प्रत्येकाने आपापला दिवा पाहायचा.

• हेल्मेटची कायद्याने सक्ती नाही, तरी ते घालावेच. जादा ट्यूब, पाणी, एखादे केळे, राजगिऱ्याचा लाडू किंवा चिक्की खिशात असावी.

• वयाची पस्तिशी उलटलेल्यांना सरकारी क्रांकेनकासेतर्फे दर तीन वर्षांनी मोफत आरोग्य तपासणी मिळते. ती आधी करून घ्यावी. छातीत दुखत असेल किंवा मधुमेहाची औषधे चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नये.

पैशाची बाजू

आपल्या धक्क्याने कोणी पडले तर भरपाईला इथे कायद्याने वरची मर्यादा नाही. म्हणून खाजगी हाफ्टफ्लिश्ट विमा नसेल तर फेरीआधी तोच घ्यावा; सायकलपेक्षा त्याची निकड अधिक. क्लबाचा अपघात विमा पाहुण्यांना लागू आहे का, हेही विचारावे.

नवी सायकल मालकामार्फत भाड्याने घेण्याची सोय पुष्कळ कंपन्यांत आहे. हप्ता करपूर्व पगारातून जातो आणि २०२० पासून दरमहा किमतीच्या चौथ्या हिश्शाच्या एक टक्क्यावरच कर लागतो. २,००० युरोंच्या सायकलीला ५०० चा एक टक्का, म्हणजे महिना ५ युरो करपात्र. परंतु कराराची मुदत साधारण तीन वर्षांची असते, एकूण पगार कागदावर घटतो आणि त्याबरोबर पेन्शनचा हप्ता व बाळंतपणानंतरचे एल्टर्नगेल्डही थोडे घटू शकते. ब्लू कार्डाच्या किमान पगाराच्या काठावर असणाऱ्यांनी सही करण्याआधी चौकशी करावी. वर्षाच्या आत नोकरी बदलायचा विचार असेल तर चांगली जुनी सायकल रोख घेणे श्रेयस्कर. कामावर सायकलने जाणाऱ्यांना प्राप्तिकरात अंतराची वजावट मोटारीइतकीच मिळते, हे विवरणपत्र भरताना विसरू नये.

नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी पार करणारी शर्यत जोडीने पूर्ण केली. आपल्याला तेवढे लांब जायचे नाही. शनिवारी संध्याकाळी तळघरात उतरून चाकांत हवा भरावी, ब्रेक दाबून पाहावेत, चेनला तेल द्यावे आणि क्लबाला फोन करून रविवारी कुठे जमायचे ते विचारावे.