पासवर्ड विसरलात? आधी खातं कोणतं ते बघा

इंदुरात लॅपटॉप अडला की पावलं आर. एन. टी. मार्गावरच्या सिल्व्हर मॉलकडे वळतात. नुसता पासवर्ड विसरला असेल, तर ही फेरी बहुधा वाचते. विंडोजमध्ये ईमेल देऊन खातं उघडलं असेल, तर मोबाइलवरून मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर पासवर्ड बदला, लॅपटॉप वायफायला जोडा आणि नवा टाका. खातं लोकल, म्हणजे ईमेलशिवाय फक्त त्याच लॅपटॉपवरचं असेल, तर एकदा चुकीचा पासवर्ड टाकून पाहा; खाली ‘रीसेट पासवर्ड’ उमटतं आणि तीन सुरक्षा प्रश्न येतात. ही सोय विंडोज १०मध्ये २०१८ साली आली, पण प्रश्नोत्तरं आधी भरलेली हवीत.

खरी अडचण बिटलॉकर या विंडोजच्या डिस्क-कुलपाची. डिस्क त्याने कुलूपबंद असेल आणि ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी नसेल, तर कितीही हुशार कारागीर आला तरी आतले फोटो आणि हिशेब निघत नाहीत. ही की बहुतेकदा आपल्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते. तिथे आधी शोधा.

दुकानात जावंच लागलं तर खरेदीचं बिल सोबत न्या. आणि काउंटरपलीकडून ‘भिया, फॉर्मेट मार दूँ?’ असं आलं, की लगेच मान हलवू नका. फॉर्मॅटनंतर लॅपटॉप उघडतो, पण रिकामा.