जायकवाडी भरतं, पण गोदावरीतला महाशीर वर कसा जाणार?

नाशिकला पावसाचा जोर वाढला की छत्रपती संभाजीनगरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न फिरतो: जायकवाडी किती टक्के? नदीतल्या माशांसाठी मात्र हे चढतं पाणी म्हणजे प्रवासाला निघायची वेळ.

कृष्णा-गोदावरी खोऱ्यांतला महाशीर घ्या. शास्त्रीय नाव 'टॉर खुद्री'. कर्नल साइक्सने १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून त्याची नोंद केली. 'खुद्री' हे तेव्हाचं इथलंच नाव.

वर कशासाठी जातो?

उन्हाळा तो खोल डोहात काढतो. पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध पोहत उथळ, खळाळत्या पाण्याकडे जातो. त्याची अंडी जड असतात, तळाशी जाऊन गोट्यांच्या फटीत बसतात. तिथून ऑक्सिजनयुक्त पाणी वाहत राहिलं तरच पिल्लं निघतात. गाळ साचला की अंडी गुदमरतात. म्हणजे धरणात महाशीर जगेल, वाढेलही. अंड्यांसाठी मात्र त्याला वाहती नदीच हवी.

अडतं कुठे?

पैठणला जवळपास १० किलोमीटर लांबीची भिंत आहे. पायाभरणी १९६५ची, काम पूर्ण झालं १९७६ मध्ये. खालचा मासा तिथेच थांबतो. नाथसागरातला मासा वर निघाला, तर गोदावरीवर नांदूर मधमेश्वरचा बंधारा आणि प्रवरेवर १९२६चं भंडारदरा. दोन भिंतींमध्ये उरलेला तुकडा हीच त्याची नदी.

असंच चीनच्या यांगत्से नदीत झालं. १९८१ मध्ये गेझौबा धरणाने नदी अडवली आणि स्टर्जनचा नातेवाईक असलेल्या पॅडलफिशची अंडी घालायच्या जागेकडची वाट तुटली. बेसुमार मासेमारीही होतीच. २०२२ मध्ये तो नामशेष जाहीर झाला.

मग बीज सोडलं तर?

लोणावळ्यात टाटांच्या केंद्रात महाशीरची पैदास १९७०च्या दशकापासून होते. पण हाच मासा कर्नाटकात कावेरीत सोडला गेला आणि तिथला मूळचा कुबड्या महाशीर मागे पडला. २०१८ मध्ये कुबड्याची नोंद 'अत्यंत संकटग्रस्त' म्हणून झाली. शिवाय सोडलेल्या पिल्लांनाही मोठेपणी तेच गोटे लागतात.

धरण हलणार नाही, हे उघड आहे. उरलेल्या तुकड्यातले डोह आणि गोटे-वाळूचा तळ राखणं मात्र हातात आहे. गोदापात्रातल्या वाळूउपशाच्या बातम्या महसूल बुडाल्याच्या आकड्यावर संपतात. त्या ट्रॅक्टरमधून माशाची अंडी घालायची जागाही जाते, हे त्यात क्वचितच येतं.