वडिलांच्या व्यवसायाचा रकाना चोरू नका!

एम.ए., पीएच.डी. आणि परदेशी शिष्यवृत्तीचे अर्ज निघाले की वस्त्यावस्त्यांतील मुले-मुली प्रतिज्ञापत्रे करून घेण्यासाठी आम्हा वकिलांकडे येतात. गुणांचे रकाने ती भराभर भरतात. पेन अडते ते दोनच ठिकाणी : कौटुंबिक पार्श्वभूमी आणि आवडी-छंद. बाप नगरपालिकेत झाडू मारतो, तेथे नुसते ‘नोकरी’ लिहिले जाते. आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते, तेथे ‘गृहिणी’ येते. आणि छंदाच्या रकान्यात ‘वाचन, संगीत, प्रवास’ हे तीन शब्द कुणाच्या तरी अर्जावरून उतरवलेले असतात. जी मुलगी परीक्षेच्या गावापलीकडे कधी गेली नाही, तिने प्रवास हा छंद का लिहावा?

दोष मुलांचा नाही. मुलाखत घेणाऱ्याच्या तोंडी ‘वडील काय करतात?’ हा प्रश्न साधा असतो, पण त्या साध्या प्रश्नाआडून पुष्कळदा जात विचारली जाते, हे आपल्या पोरांना पक्के ठाऊक आहे. म्हणून ती लपवतात. परंतु चळवळीच्या लेकरांनी लपवावे का? याचे उत्तर शोधायला आम्हाला दूर जावे लागत नाही. १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात दाखल झालेल्या २२ वर्षांच्या एका विद्यार्थ्याकडे पाहिले की पुरे.

काय होती त्या विद्यार्थ्याची कौटुंबिक पार्श्वभूमी? मूळ गाव कोकणातले आंबडवे. वडील रामजी सुभेदार, लष्करी शाळेतले मास्तर, कबीरपंथी. मातोश्री भीमाबाई लहानपणीच निवर्तल्या, आत्या मीराबाईंनी सांभाळ केला. चौदा भावंडांतले हे शेवटचे अपत्य. मुंबईत परळच्या चाळीत एक खोली. तीच चूल, तीच झोपायची जागा, तीच अभ्यासिका. पहाटे दोनला वडील उठून मुलाला अभ्यासाला बसवीत आणि त्याच्या जागेवर स्वतः आडवे होत. पुस्तकाला पैसे नसले की लेकीकडून दागिना मागून आणीत, तो गहाण ठेवीत आणि पेन्शन आले की सोडवून परत करीत. हे वडील २ फेब्रुवारी १९१३ रोजी गेले आणि त्याच वर्षीच्या जुलैत मुलगा न्यूयॉर्कला उतरला. हाती सयाजीराव गायकवाडांची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती, मागे घरी रमाई आणि लहानगा यशवंत.

आणि आवडी? कोलंबियात बाबासाहेबांनी अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम घेतले, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३. वर फ्रेंच आणि जर्मन भाषांचा एकेक. पोटाला चिमटा घेऊन त्यांनी सुमारे दोन हजार पुस्तके जमवली. ज्याला शाळेत संस्कृत नाकारून फारसी घ्यायला लावले, त्या विद्यार्थ्याची ही ज्ञानाची भूक होती! तिला छंद म्हणणे फार तोकडे आहे.

आमचा मुद्दा पुढचा आहे. ही आवड आणि ती पार्श्वभूमी वेगळी नव्हती. ९ मे १९१६ रोजी प्रा. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात पंचविशीतल्या या विद्यार्थ्याने निबंध वाचला तो भारतातील जातींवर : त्यांची घडण, उगम आणि वाढ यांवर. जात त्याने आधी भोगली आणि मग तिची शास्त्रीय चिकित्सा केली. घरातले दुःख प्रबंधाचा विषय होऊ शकते, हे त्याने दाखवून दिले. न्यूयॉर्कहून वडिलांच्या एका स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात तर त्यांनी बजावले होते की आईबाप मुलाला केवळ जन्म देतात, त्याचे कर्म घडवीत नाहीत, ही समजूत आता टाकून द्यावी आणि मुलांबरोबर मुलींनाही शिकवावे.

आता राज्यकर्त्यांचा न्याय पाहा. २०२२ मध्ये केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपचे नियम बदलले. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरील सामाजिक अभ्यास या विषयांसाठी शिष्यवृत्ती मिळणार नाही, असे कलम त्यात घातले. बाबासाहेबांचा एम.ए.चा प्रबंध प्राचीन भारतीय व्यापारावर होता आणि निबंध जातींवर. म्हणजे या नियमाखाली खुद्द बाबासाहेबांचाच अर्ज फेटाळला गेला असता! आमच्या पोरांनी बाहेर जाऊन काहीही शिकावे, फक्त स्वतःच्या जगण्याचा प्रश्न अभ्यासू नये, याशिवाय या कलमाचा दुसरा अर्थ काय? अशा वेळी आपणच आपली पार्श्वभूमी पुसून टाकली, तर त्यांचे काम आपण फुकट करून देतो.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, आमचे सांगणे एवढेच. बाप सफाई कामगार असेल तर ‘सफाई कामगार’ लिहा. आई शेतमजूर असेल तर ‘शेतमजूर’ लिहा. भीमजयंतीला वस्तीत गाणी म्हणत असाल, विहारात लहान मुलांची शिकवणी घेत असाल, आजीकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेत असाल, तर तीच तुमची आवड आहे, तीच लिहा. कदाचित तुमच्या संशोधनाचा विषयही तेथेच दडलेला असेल. मुलाखतीत त्यावरून कुणी हिणवले, तर शब्द, तारीख आणि हजर असलेल्यांची नावे त्याच दिवशी टिपून ठेवा आणि लेखी तक्रार करा. कायद्यापुढे लेखी टिपण बोलते, मनातली खंत बोलत नाही.

बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. तो त्यांनी आपल्या आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला आणि आपल्या शिक्षणासाठी त्यांनी केलेल्या त्यागाची कृतज्ञ नोंद पहिल्याच पानावर केली. अर्थशास्त्राच्या जगापुढे ठेवलेल्या ग्रंथावर त्यांनी आईबापाला असे मानाने बसवले. तुमच्या अर्जातल्या एका रकान्यात तुमच्या आईबापाला तेवढी जागा द्या.

जयभीम!