सरहद्दीगणिक पालटणारा खेळ

अकोले तालुक्यापासून थेट जामखेडपर्यंत नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील तरुण मोबाइलवर जो 'बीजीएमआय' खेळतात, तो इतर देशांत प्रचलित असलेल्या 'पबजी मोबाइल'चाच, परंतु केवळ भारताकरिता सिद्ध केलेला अवतार होय. 2 सप्टेंबर 2020 रोजी केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69-अ अन्वये 118 अ‍ॅपांवर मनाई हुकूम बजावला, त्यांत मूळ खेळ सापडला. तेव्हा क्राफ्टन या दक्षिण कोरियन कंपनीने 2 जुलै 2021 रोजी जी आवृत्ती रुजू केली, तीत रक्त हिरव्या रंगाचे ठेवले गेले, हे जग आभासी असल्याची सूचना वारंवार उमटू लागली, आणि 18 वर्षांखालील खेळाडूस दिवसाकाठी 3 तासांची व 7,000 रुपये खर्चाची मर्यादा पडली. रक्ताचा रंग पालटल्याने हिंसा सौम्य होते, ही समजूत भाबडीच. परंतु असली तजवीज करणारे आपण पहिले नव्हे, कारण 1998 च्या 'हाफ-लाइफ'मधील सैनिक जर्मन आवृत्तीत यंत्रमानव झाले होते. जुलै 2022 मध्ये 'बीजीएमआय'वरही बंदी आली. मे 2023 मध्ये 3 महिन्यांच्या मुदतीची परवानगी मिळून तो पुन्हा सुरू झाला.