सिगडीवरचे कबाब आणि चटणीच्या तीन वाट्या

बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अंबडच्या आमच्या घरी गच्चीवर सिगडी पेटते. पहिला दिवस नमाज, कुर्बानी, गोश्तचे हिस्से करणे आणि ते घरोघरी पोहोचवणे यातच संपतो. दुसऱ्या दिवशी मात्र नणंद मुलांना घेऊन येते, धाकटे दीर येतात, एमआयडीसीत माझ्या नवऱ्याबरोबर काम करणारे दोघे-तिघे येतात. पुरुष मंडळी सिगडीपाशी पुठ्ठ्याने वारा घालत बसतात आणि आम्ही बायका खाली मसाले वाटतो. भाजण्याची शाबासकी त्यांना आणि वाटण्याचे काम आम्हाला, ही आमच्या घरची जुनी वाटणी आहे. असो.

२०२५ साली ईद ७ जूनला होती. त्या वर्षी पावसाने मे महिन्यातच झोडपले होते. हवा दमट, गच्चीवर पत्र्याखाली सिगडी, आणि एका मोठ्या पातेल्यात दही, पपई, आले-लसूण, भरपूर कोथिंबीर आणि पुदिना लावून दुपारपासून मुरत ठेवलेली बोटी. बोटी सीखांवर चढली आणि पातेल्याच्या तळाशी तो हिरवा मसाला वाटीभर उरला. वास इतका सुंदर की टाकून देणे जिवावर आले. मी त्यात लिंबू पिळले, दोन चमचे दही घातले आणि चटणी म्हणून दस्तरखानवर ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी पहाटे नणंदेचा फोन आला. नऊ वर्षांच्या भाच्याला उलट्या आणि जुलाब. दुपारपर्यंत ताप चढला, डोळे आत गेले, आणि त्याला दोन दिवस दवाखान्यात सलाईनवर ठेवावे लागले. माझ्या नवऱ्याचे आणि एका सहकाऱ्याचेही पोट बिघडले होते. डॉक्टरांनी कोणी काय काय खाल्ले ते विचारले. कबाब सगळ्यांनी खाल्ले होते. ती वाटी मात्र ज्यांनी चाटूनपुसून संपवली, तेच आजारी पडले. तपासणीतून काही सिद्ध झाले नाही, पण मला सिद्ध करायची गरज नव्हती. शाळेत मुलांना ‘हात धुऊन जेवा’ शिकवणारी मी, आणि कच्च्या गोश्तचे पाणी चटणी म्हणून वाढले होते. नणंद एका शब्दाने बोलली नाही, त्याचेच जास्त वाईट वाटले. अल्हम्दुलिल्लाह, पोरगा आठवड्यात पळायला लागला.

तेव्हापासून मी तीन वाट्या वेगळ्या करते. गोश्त मुरवायचा मसाला एका वाटीत, भाजताना वरून लावायचा दुसऱ्या, आणि ताटात घ्यायची चटणी तिसऱ्या वाटीत. हा मसाला दोन-तीन वेळा वेगळा वाटावा लागत नाही. एकदाच वाटायचा आणि गोश्तला लागण्याआधीच वाटून ठेवायचा, एवढेच. एकदा कच्चे गोश्त ज्यात बुडाले, तो मसाला ताटात येणार नाही. वाया घालवायचा नसेल तर पातेल्यात ओतून पाच-सात मिनिटे खळखळ उकळायचा, मग तो रस्स्यात घाला. कच्च्या बोटीवरून फिरलेला ब्रश भाजलेल्या बोटीवर फिरवायचा नाही, हेही त्यातच आले. सिगडीपाशी बसलेल्या पुरुषांना हे तीनदा सांगावे लागते.

आता पहिली वाटी. एक किलो बोटीला सालासकट वाटलेली कच्ची पपई एक मोठा चमचा, आले-लसूण दोन मोठे चमचे, अर्धी वाटी घट्ट दही, दोन चमचे तेल, लाल तिखट, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि मीठ. पपईत पपेन नावाचे विकर असते, ते गोश्तचे धागे तोडते. म्हणून जास्त पपई म्हणजे जास्त मऊ असे समजू नका. प्रमाण वाढले किंवा रात्रभर ठेवले तर बोटी सीखवरून गळून पडते आणि तोंडात पिठासारखी लागते. चार-पाच तास पुरतात, आणि तेही फ्रिजमध्ये. आपल्याकडे ‘बाहेरच असू दे, लवकर मुरेल’ म्हणायची सवय आहे. कच्चे गोश्त बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नको, आणि उन्हाळ्यात पारा बत्तिसाच्या वर असेल तर एकच तास. चिकनला पपईची गरज नाही, दही आणि लिंबू बास.

या वाटीत मी आता कोथिंबीर-पुदिन्याची पाने घालत नाही. हे मला उशिरा कळले. कोवळी पाने निखाऱ्यावर लगेच काळी पडतात, कडवट होतात आणि त्यांचा वास धुरात उडून जातो. महागामोलाची जुडी जाळायची कशाला? कोथिंबिरीचे देठ मात्र घालते. देठात वास भरपूर असतो आणि ते वाटून लावले की आगीला टिकतात. सीख कबाबच्या खिम्यात तर देठ बारीक चिरूनच घालावेत, सोबत पिळून घेतलेला कांदा आणि बांधायला दोन-तीन चमचे फुटाण्याच्या डाळीचे पीठ.

दुसरी वाटी सगळ्यात सोपी. तेल, ठेचलेला लसूण, लिंबाचा रस, चिमूटभर मीठ. ब्रश नसेल तर कोथिंबिरीच्या जुडीचीच देठे बांधून त्याचा कुंचला करा, त्याचा वासही लागतो. बाजारात बार्बेक्यू सॉस म्हणून जी बाटली मिळते ती आमच्या मुलीने एकदा मॉलमधून आणली होती आणि दिरांनी ती सुरुवातीपासूनच बोटीवर चोपडली. पाच मिनिटांत सगळे काळे ठिक्कर. त्या सॉसमध्ये साखर खूप असते आणि साखर आगीवर गोश्त शिजायच्या आधी जळते. गोड सॉस लावायचाच तर शेवटच्या तीन-चार मिनिटांत लावावा. जळालेला भाग काढून टाकावा, कारण करपलेल्या गोश्तमध्ये तब्येतीला घातक पदार्थ तयार होतात.

बाटलीचे लेबल वाचायची सवयही तेव्हाच लागली. लेबलवर जे सगळ्यात जास्त असते त्याचे नाव आधी लिहिलेले असते, त्यामुळे साखर कितव्या नंबरवर आहे ते बघून अंदाज येतो. परदेशी सॉसमध्ये काहींत बर्बन दारू असते, वूस्टरशायर सॉसमध्ये बहुधा छोटे मासे असतात. बारीक अक्षरे वाचायला वेळ नसेल तर घरचा सॉस बरा.

बार्बेक्यू हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या मूळ लोकांकडून स्पॅनिश भाषेमार्फत जगभर गेला. पण निखाऱ्यावर गोश्त आणि सोबत हिरवे वाटण हे कितीतरी मुलखांत आहे. येमेनमध्ये कोथिंबीर, हिरवी मिरची, लसूण, जिरे आणि वेलची वाटून झूग करतात. आखाती देशांत नोकरी करून आलेल्यांपैकी काहींनी तो खाल्ला असेल. मोरोक्कोत कोथिंबीर, लसूण, जिरे, लिंबू आणि ऑलिव्ह तेलाचा शरमूला माशाला लावतात. अर्जेंटिनात पार्सली, ओरेगॅनो, लसूण, सिरका आणि तेलाचा चिमीचुरी असतो. आपल्या अंबडला पार्सली नाही मिळाली तरी बिघडत नाही. ओरेगॅनोच्या जवळचा वास आपल्या पानओव्याला आहे. जाड, लुसलुशीत, लव असलेली ती पाने, जी खोकल्याला म्हणून दादी देत असे. एक फांदी कुंडीत खोचली की लागते.

त्याची चटणी मी सुरीने चिरून करते, वाटत नाही. पानओव्याची सात-आठ पाने, मूठभर कोथिंबीर, तीन पाकळ्या लसूण, सुकी लाल मिरची भरड कुटून, दोन मोठे चमचे सिरका, चार चमचे शेंगदाण्याचे तेल. पाने याहून जास्त घेऊ नयेत, औषधासारखी लागते. सिरक्याची तारीफ हदीसमध्ये आली आहे हे आपण ऐकतो, पण घरात बाटली कोपऱ्यात पडून असते. ती या निमित्ताने निघते. एक काळजी घ्यावी. कच्चा लसूण तेलात बुडवून बाहेर ठेवू नये, त्यात वास न येताही विष तयार करणारे जंतू वाढू शकतात. फ्रिजमध्ये ठेवावी आणि चार दिवसांत संपवावी.

आणि आता आपली नेहमीची हिरवी चटणी. नाशिककरांना कोथिंबिरीची ओळख करून द्यायला नको. पंचवटीच्या बाजार समितीत संध्याकाळी पालेभाजीचा लिलाव होतो, तिथून मुंबईला गाड्या भरून जातात. कधी जुडी इतकी स्वस्त की शेतकरी रस्त्यावर टाकून जातो, कधी पावसात ती शंभराच्या वर जाते. स्वस्त असेल तेव्हा जास्त करून ठेवावी असे वाटते, पण ही चटणी तीन दिवसांपुढे चांगली लागत नाही.

धुण्याकडे आधी लक्ष द्या, कारण ही चटणी शिजत नाही. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घेऊन पाने बुडवायची, हलवायची आणि वरून उचलून घ्यायची. पातेले उपडे केले तर खाली बसलेली माती परत पानांवर येते. असे तीन पाण्यांनी. पावसाळ्यात शेवटचे पाणी पिण्याचे असावे.

एक मोठी जुडी कोथिंबीर, तिच्या निम्मा पुदिना, पाच-सहा हिरव्या मिरच्या, चार पाकळ्या लसूण, आल्याचा छोटा तुकडा, एक चमचा भाजलेले जिरे, दोन मोठे चमचे फुटाण्याची डाळ, अर्धा चमचा मीठ. पाण्याऐवजी दोन-तीन बर्फाचे खडे घालावेत, मिक्सरची उष्णता कमी लागते. लिंबू सगळ्यात शेवटी, वाढायच्या वेळी, कारण आंबटपणाने हिरवा रंग शेवाळी होतो. पुदिना जास्त फिरवला तर कडू होतो, म्हणून तो शेवटच्या फेरीत. मला कबाबबरोबर ही चटणी घट्ट दह्यात कालवलेली आवडते. नवऱ्याला तशीच. सासूबाईंना रक्तदाबासाठी मीठ कमी सांगितले आहे. दिवसभराचे मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चहाच्या चमच्यापेक्षा कमी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यांच्यासाठी लिंबू वाढवून बिनमिठाची वाटी आधीच काढते. पूर्वी त्या नुसती बोटी खात, चटणीकडे बघत.

मुलांना लाल सॉस हवाच असतो. एक किलो टोमॅटो सिगडीवरच भाजायचे, म्हणजे धुराचा वास आपोआप येतो. सोलून, दोन कांदे, आठ पाकळ्या लसूण आणि भिजवलेल्या ब्याडगी मिरच्यांबरोबर वाटून गाळायचे. चिंचेचा कोळ तीन चमचे, लिंबाएवढा गूळ, मीठ घालून निम्मे होईपर्यंत आटवायचे. गॅस बंद केल्यावर पुदिन्याची आणि पानओव्याची थोडी पाने फडक्यात बांधून दहा मिनिटे त्यात सोडायची आणि काढून टाकायची. फ्रिजमध्ये आठवडाभर राहतो. गिरणारे-पिंपळगावकडचा टोमॅटो बाजारात लाल आणि स्वस्त असेल तेव्हाच करण्यात मजा आहे.

पाऊस आला म्हणून पेटती सिगडी खोलीत आणू नका, गारठा आहे म्हणून दार लावून तिच्याभोवती बसू तर मुळीच नका. कोळशाच्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. आम्ही पत्र्याखाली तीन बाजू उघड्या ठेवतो, भिजलो तरी चालेल.

दिरांनी कंपनीच्या ओळखीतून टोचून बघायचा थर्मामीटर आणला आहे. खिम्याचा कबाब आतून ७१ अंश आणि चिकन ७४ अंश सेल्सिअस झाले की उतरवायचे. आधी सगळे हसले, आता तो कोणाच्या हातात असावा यावरून भांडण होते.

गेल्या महिन्यात भाच्याचा वाढदिवस आमच्याच गच्चीवर झाला. ‘मुमानी, यातली चटणी कोणती?’ असे त्याने वाटीला हात लावायच्या आधी विचारले. मग माझ्या शाळेच्या पिशवीतला खडू घेऊन फरशीवर तिन्ही वाट्यांपुढे ‘कच्चे’, ‘आगीचे’, ‘ताटाचे’ असे मराठीत आणि त्याखाली उर्दूतही लिहिले. ‘ताटाचे’ची वाटी सगळ्यात आधी संपली आणि त्याच्या बापाला रात्री नऊ वाजता उत्तमनगरला कोथिंबिरीची जुडी आणायला पिटाळावे लागले.