घरचा सर्व्हर: बीटा आवृत्ती आणि वापरणाऱ्यांचा अभिप्राय

घरात अहोरात्र चालू राहणारा आणि कुटुंबातील सर्वांचे मोबाइल व संगणक यांना फोटो साठवणे, कागदपत्रे जपणे, संपर्क व दिनदर्शिका एकसारखी ठेवणे अशा सेवा पुरवणारा लहानसा संगणक म्हणजे घरगुती सर्व्हर होय. एरवी या सेवा मोठ्या कंपन्यांच्या दूरवरच्या संगणककेंद्रांतून मिळतात आणि बराच काळ त्या फुकट मिळत असल्यामुळे त्यांना पर्याय शोधण्याची निकड सर्वसामान्य कुटुंबाला भासत नव्हती. परंतु १ जून २०२१ पासून गूगल फोटोजने अमर्याद मोफत साठवणूक थांबवली, नवे फोटो १५ जीबीच्या मर्यादेत मोजले जाऊ लागले, आणि आपले फोटो आपल्याच घरी ठेवता येतील का हा प्रश्न तंत्रज्ञानाची हौस नसलेल्या घरांपर्यंतही पोहोचला.

या प्रश्नाचे उत्तर देणारी बरीचशी सॉफ्टवेअर वर्षानुवर्षे बीटा अवस्थेत असतात. बीटा म्हणजे सॉफ्टवेअर तयार होऊन चालू लागल्यानंतरची, परंतु निर्मात्यांनी त्याच्या भरवशाची हमी देण्यापूर्वीची आवृत्ती. ती निवडक किंवा सर्व लोकांना वापरण्यास दिली जाते, त्यांना आलेल्या अडचणी गोळा केल्या जातात, आणि त्या दूर केल्यानंतरच तिला स्थिर आवृत्तीचा दर्जा मिळतो. कार्यालयातील सर्व्हर वातानुकूलित खोलीत, अखंड विजेवर आणि प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली चालतो, त्यामुळे त्याची चाचणी प्रयोगशाळेत बऱ्याच अंशी पुरी होऊ शकते. घराचे तसे नसते. पुणे-सातारा महामार्गालगतच्या शिवऱ्यातील घर, वेल्ह्याच्या डोंगराळ भागातील वाडीवरचे घर आणि कॅलिफोर्नियातील विकसकाचे घर यांत वीज, इंटरनेट, भाषा आणि वापरणारी माणसे या चारही बाबतींत इतका फरक असतो, की घरगुती सर्व्हरच्या बाबतीत वापरणाऱ्यांचा अभिप्राय हा बांधणीचाच एक भाग ठरतो.

विंडोज होम सर्व्हरचा अनुभव

या विषयातील सर्वांत बोलके उदाहरण मायक्रोसॉफ्टच्या विंडोज होम सर्व्हरचे आहे. जानेवारी २००७ मध्ये त्याची घोषणा झाली, त्यानंतर बीटा आवृत्ती मोठ्या संख्येने लोकांनी वापरून पाहिली, आणि जुलै २००७ मध्ये अंतिम आवृत्ती तयार झाली. अनेक हार्ड डिस्कांची मिळून एकच मोठी जागा दाखवणारी आणि निवडलेल्या फोल्डरांची प्रत आपोआप दुसऱ्या डिस्कवर ठेवणारी ‘ड्राइव्ह एक्स्टेंडर’ ही सोय त्याचे मुख्य वैशिष्ट्य होते. बाहेरच्या विकसकांना त्यावर पूरक प्रोग्राम लिहिण्याची मुभा असल्यामुळे त्याच्याभोवती उत्साही वापरकर्त्यांचा मोठा समुदाय उभा राहिला.

एवढी चाचणी होऊनही डिसेंबर २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टला एक गंभीर त्रुटी जाहीर करावी लागली. सर्व्हरमध्ये एकाहून अधिक हार्ड डिस्क असतील आणि फोटो गॅलरी, वननोट किंवा आउटलुक यांसारख्या ठरावीक प्रोग्रामांतून सर्व्हरवरची फाईल तिथल्या तिथे बदलून साठवली, तर ती फाईल खराब होण्याची शक्यता होती. एकाहून अधिक डिस्क, विशिष्ट प्रोग्राम आणि फाईल थेट सर्व्हरवर बदलण्याची सवय या तिन्ही गोष्टी एकत्र आल्याशिवाय हा दोष उघडकीस येत नव्हता, आणि असा योग प्रयोगशाळेपेक्षा लोकांच्या घरी अधिक वेळा जुळून येतो. दुरुस्ती जुलै २००८ मधील ‘पॉवर पॅक १’ मध्ये आली. तीही आधी बीटा म्हणून लोकांच्या हाती देऊन तपासण्यात आली.

पुढच्या आवृत्तीची, म्हणजे ‘वेल’ या सांकेतिक नावाने ओळखल्या गेलेल्या बीटाची, कहाणी वेगळ्या कारणाने उद्बोधक आहे. एप्रिल २०१० मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली आणि नोव्हेंबर २०१० मध्ये ड्राइव्ह एक्स्टेंडरच काढून टाकण्याचा निर्णय कंपनीने जाहीर केला. ही सोय ज्यांच्यासाठी सर्वस्व होती त्या वापरकर्त्यांनी तीव्र नाराजी व्यक्त केली, तरीही निर्णय बदलला नाही, आणि २०११ ची आवृत्ती त्या सोयीविना आली. २०१२ मध्ये हे उत्पादनच बंद करण्याचे ठरले. अभिप्राय मागवणे आणि निर्णयात अभिप्रायाला स्थान देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सॉफ्टवेअरची मालकी एकाच कंपनीकडे असते तेव्हा दुसरी गोष्ट पूर्णपणे तिच्या मर्जीवर राहते, हे या घटनेने स्पष्ट केले.

मुक्तस्रोताचा मार्ग आणि अ‍ॅपचा आधार

ज्या सॉफ्टवेअरची मूळ आज्ञावली (सोर्स कोड) कोणालाही वाचता, बदलता व वाटता येते त्यास मुक्तस्रोत म्हणतात, आणि आजचे अनेक घरगुती सर्व्हर याच वाटेने विकसित होत आहेत. कायद्याचे प्राध्यापक एबन मोग्लेन यांनी २०१० मध्ये न्यूयॉर्क येथील व्याख्यानातून मांडलेल्या कल्पनेतून ‘फ्रीडमबॉक्स’ हा प्रकल्प उभा राहिला. त्याच्या विकासात भारतीय विकसकांचा मोठा वाटा आहे आणि ग्रामीण भारतातील काही गावांत वायफाय व इंटरनेट पुरवण्यासाठीही तो वापरला गेला आहे. तो डेबियन या मुक्त संगणकप्रणालीवर बेतलेला असल्यामुळे त्याचे नवे बदल आधी ‘अनस्टेबल’, मग ‘टेस्टिंग’ आणि शेवटी ‘स्टेबल’ अशा डेबियनच्या पायऱ्या चढत जातात. कोणत्या पायरीवर उभे राहायचे हे वापरणाऱ्याने आपल्या जोखमीच्या तयारीनुसार ठरवायचे असते.

फोटो साठवणारा ‘इमिच’ हा प्रकल्प २०२२ मध्ये सुरू झाला आणि वारंवार नव्या आवृत्त्या काढत राहिला. ‘फोटो जपण्याचा एकमेव उपाय म्हणून यावर विसंबू नका’ असा इशारा त्याच्या निर्मात्यांनी या सर्व काळात ठळकपणे दिला होता, आणि ऑक्टोबर २०२५ मधील २.० या आवृत्तीलाच त्यांनी स्थिर म्हटले. हे प्रांजळपण वाखाणण्याजोगे आहे, कारण घरगुती सर्व्हरवर बहुधा अशा वस्तू असतात ज्या पुन्हा निर्माण करता येत नाहीत.

सर्व्हर कितीही उत्तम असला तरी घरातील माणसांची गाठ मोबाइलवरील अ‍ॅपशी पडते. म्हणून अ‍ॅपचा आधार हा या सॉफ्टवेअरचा निम्मा भाग मानावा लागतो. तो दोन प्रकारे मिळतो. पहिल्या प्रकारात सर्व्हर कॅलडॅव्ह, कार्डडॅव्ह यांसारखे खुले संकेत, म्हणजे यंत्रांनी परस्परांशी बोलण्याचे सर्वमान्य नियम, पाळतो आणि ते नियम पाळणारे कोणतेही अ‍ॅप त्याच्याशी जोडता येते. दुसऱ्या प्रकारात प्रकल्प स्वतःचे अ‍ॅप तयार करतो. त्यात सोयी अधिक असतात, परंतु सर्व्हर व अ‍ॅप यांच्या आवृत्त्या जुळल्या नाहीत तर दोन्ही अडतात, शिवाय मोबाइलच्या अ‍ॅप-दुकानाचे नियमही पाळावे लागतात. मे २०२५ मध्ये ‘नेक्स्टक्लाउड’ या प्रकल्पाने अशी तक्रार जाहीरपणे मांडली, की अँड्रॉइडवर सर्व प्रकारच्या फाईली हाताळण्याची परवानगी गूगलने काढून घेतल्यामुळे आपले अ‍ॅप केवळ फोटो व व्हिडिओच पाठवू शकते. ही परवानगी नंतर परत मिळाली. सर्व्हर घरात असला तरी त्याची चावी काही अंशी दुसऱ्याच्या हाती राहते, हे यावरून लक्षात यावे.

‘लाइट गेली’ तेव्हा

पुणे जिल्ह्यातील भोर-वेल्ह्याच्या परिसरात पावसाळ्यात वारा-पावसाने वीज खंडित होणे नवे नाही, आणि घरगुती सर्व्हरची खरी कसोटी त्याच क्षणी लागते. मोबाइलवरून पाठवलेला फोटो सर्व्हरपर्यंत पोहोचला की तो प्रथम संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत येतो आणि काही क्षणांनी डिस्कवर कायमचा लिहिला जातो. या मधल्या अवधीत वीज गेली आणि सर्व्हरने तत्पूर्वीच ‘फोटो मिळाला’ असे मोबाइलला कळवलेले असेल, तर अ‍ॅप तो सुरक्षित समजते, ‘जागा मोकळी करा’ हे बटण दाबताच मोबाइलमधील मूळ प्रतही पुसली जाते, आणि फोटो दोन्हीकडून नाहीसा होतो. चांगले सॉफ्टवेअर फाईल डिस्कवर पक्की उतरल्याखेरीज पोच देत नाही, तसेच फाईलच्या मजकुरावरून काढलेली पडताळणी-संख्या दोन्हीकडे जुळते का हेही पाहते. ही शिस्त खरोखर पाळली जाते की नाही याचा पुरावा वीज वारंवार जाणाऱ्या घरांतूनच मिळतो.

अशा ठिकाणी जुना लॅपटॉप सर्व्हर म्हणून सोयीचा पडतो, कारण बॅटरी धड असेल तर वीज गेल्यावर तो लगेच बंद पडत नाही. सतत १० वॉट वीज घेणारा सर्व्हर ३० दिवसांत ७.२ युनिट वापरतो, तर ६० वॉट घेणारा जुना डेस्कटॉप ४३ युनिटांच्या वर जातो. इंटरनेटची गतीही मोजून पाहावी. लग्नाचे १० जीबी फोटो १० एमबीपीएसच्या जोडणीवरून दूरच्या सर्व्हरवर चढवण्यास सव्वादोन तासांच्या आसपास वेळ लागतो. घरातल्या वायफायवरून घरच्याच सर्व्हरवर ते नेण्यास इंटरनेट लागतच नाही.

अडचण येते ती पुण्या-मुंबईत राहणाऱ्या मुलाला घरच्या सर्व्हरवरचे फोटो गावाबाहेरून पाहायचे असतात तेव्हा. अनेक इंटरनेट कंपन्या शेकडो ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात आणि त्यामुळे बाहेरून विशिष्ट घरापर्यंत थेट पोहोचता येत नाही. वायरगार्डसारख्या तंत्राने सांकेतिक बोगदा, म्हणजे त्रयस्थाला न वाचता येणारा खासगी मार्ग, उभारून यावर उपाय करता येतो. परंतु त्याची मांडणी सामान्य माणसाला जमेल इतकी सोपी झाली आहे का, हे ठरवण्याचा अधिकार त्या सामान्य माणसालाच आहे.

सातबाऱ्याची फाईल

मराठी घरातूनच लक्षात येऊ शकेल असा एक दोष बारकाईने पाहण्यासारखा आहे. समजा, कोणी सर्व्हरवर ‘सातबाऱ्याची प्रत’ या नावाने फाईल ठेवली. त्यातील ‘ऱ्य’ हे जोडाक्षर संगणकात एकाहून अधिक प्रकारे साठवले जाऊ शकते: ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह, हलन्त आणि ‘य’ असे, ‘र’ व त्याखालचा नुक्ता ही दोन चिन्हे, हलन्त आणि ‘य’ असे, किंवा साधा ‘र’, हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह आणि ‘य’ असे. पडद्यावर तिन्ही रूपे एकसारखीच दिसतात. युनिकोड या जागतिक लिपी-संकेताच्या नियमानुसार पहिली दोन रूपे समान मानून एकरूप करता येतात, तिसरे मात्र त्या प्रक्रियेतूनही वेगळेच राहते. परिणामी मोबाइलच्या कीबोर्डने एक रूप लिहिले आणि संगणकाच्या कीबोर्डने दुसरे, तर शोध घेऊनही फाईल सापडत नाही, किंवा एकाच नावाच्या दोन फाईली शेजारी शेजारी दिसू लागतात. रोमन अक्षरांत फाईलींना नावे देणाऱ्या विकसकाच्या ध्यानात हा प्रसंग सहसा येणार नाही.

लिपीच्या आणि चाचणीच्या अशा कामात महाराष्ट्राचा वाटा यापूर्वीही राहिला आहे. देवनागरीसह अनेक भारतीय लिप्यांसाठी असलेल्या ‘लोहित’ या मुक्त टंकसंचाचे काम रेड हॅट या कंपनीच्या पुण्यातील अभियंत्यांनी दीर्घकाळ सांभाळले. प्रत्येक मुलाला लॅपटॉप देऊ पाहणाऱ्या ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या उपक्रमाची भारतातील पहिली चाचणी २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील खैरात या गावच्या लहानशा शाळेत झाली, आणि त्या उपक्रमाच्या आराखड्यात लॅपटॉपांच्या जोडीला शाळेचा स्वतःचा सर्व्हरही होता. पूर्णत्वास न पोहोचलेले तंत्रज्ञान गावात तपासण्याचा विचार या भूमीला नवा नाही.

उपयोगी पडणारा अभिप्राय

‘अ‍ॅप चालत नाही’ एवढ्या तक्रारीवरून विकसकाला काहीही करता येत नाही. सर्व्हर व अ‍ॅप यांच्या आवृत्तीचे क्रमांक, काय करत असताना अडचण आली त्याच्या क्रमवार पायऱ्या, काय होणे अपेक्षित होते आणि प्रत्यक्षात काय झाले, अडचण प्रत्येक वेळी येते की कधीमधी, आणि ‘लॉग’, म्हणजे सर्व्हर स्वतःच ठेवत असलेली घडामोडींची नोंद, इतके दिले की दोष विकसकाला आपल्या यंत्रावर पुन्हा घडवून पाहता येतो. आणि जो दोष पुन्हा घडवता येतो तो बहुधा दूरही करता येतो. लॉग पाठवण्यापूर्वी त्यातील नावे, पत्ते व पासवर्ड काढून टाकणे मात्र अत्यावश्यक आहे. त्याचबरोबर बीटा वापरणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने फोटो व कागदपत्रांची आणखी एक प्रत सर्व्हरला न जोडलेल्या डिस्कवर, शक्य तर दुसऱ्या घरी, ठेवलीच पाहिजे. एकाच सर्व्हरमधील दोन डिस्कांवर ठेवलेल्या प्रती डिस्क बिघडल्यास वाचवतात, परंतु वीज कोसळल्यास, चोरी झाल्यास किंवा सॉफ्टवेअरच चुकल्यास त्या एकत्रच जातात.

अशा अभिप्रायासाठी लागणारे निरीक्षण गावातील माणसाकडे असते, इंग्रजीतून तांत्रिक लेखन करण्याची सवय मात्र नसते. हे अंतर अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी भरून काढावे: घरच्यांची अडचण मराठीत ऐकून घ्यावी, ती आपल्या यंत्रावर पुन्हा घडवून पाहावी, विकसकापर्यंत पोहोचवावी, आणि दुरुस्ती आल्यावर त्याच घरी जाऊन तपासावी. अ‍ॅपचे मराठी भाषांतर करणाऱ्यांनीही ते आई-आजीच्या हाती देऊन पाहावे, कारण कोणते बटण फोटो साठवते आणि कोणते पुसते हे त्यांना कोणाला न विचारता कळले, तरच भाषांतर उतरले असे म्हणता येईल. एखाद्या सॉफ्टवेअरला स्थिर म्हणण्याचा हक्क ते किती तऱ्हेच्या घरांत टिकले यावरून मिळतो, आणि त्या घरांत भोर-वेल्ह्याची घरे यावीत अशी इच्छा असेल, तर ते सॉफ्टवेअर अजून बदलण्याजोगे आहे तोवरच या घरांनी आपला कौल नोंदवला पाहिजे.