पन्हाळ्याचा उतार आणि सायकलीची केबल

कोल्हापुरातील पावसाळा ओसरू लागला की रविवारी पहाटे गंगावेशीतून शिवाजी पुलाकडे जाणाऱ्या सायकलींची संख्या वाढू लागते. दूध कट्ट्यावर धारोष्ण दुधाचा पेला घेऊन उभ्या असलेल्या मंडळींच्या शेजारून हे सायकलस्वार केर्ली, वाघबीळ असे करीत पन्हाळा गाठतात. अंतर सुमारे 20 किलोमीटर. चढताना कस लागतो तो आपल्या छातीचा आणि मांड्यांचा. उतरताना मात्र सारा भार जातो जेमतेम दीड मिलिमीटर जाडीच्या दोन वायरींवर. चढासाठी आपण आठवडाभर तयारी करतो. त्या वायरींकडे वर्षभर ढुंकूनही पाहत नाही.

मीही पाहिले नव्हते. एका दसऱ्याच्या सुमारास पन्हाळ्याहून परतताना वळणाआधी पुढचा ब्रेक दाबला आणि लिव्हर नेहमीपेक्षा दोन बोटे अधिक आत आली. मागच्या ब्रेकवर सायकल कशीबशी आवरली आणि उरलेला घाट पायी उतरलो. घरी येऊन लिव्हरवरचे रबर मागे सारले, तेव्हा वायरीचे अर्ध्याहून अधिक पदर आतल्या आत तुटून पिंजारलेले दिसले. बाहेरून केबल नव्यासारखी चकचकीत होती. हेच या दुखण्याचे खरे रूप. केबल बहुधा तिथेच झिजते, जिथे आपली नजर पोहोचत नाही: लिव्हरच्या पोटात, जिथे वायर प्रत्येक दाबाबरोबर वाकते, आणि आउटरच्या टोकाशी, जिथे पावसाचे पाणी आत झिरपते.

मुळात केबल काम कसे करते, हे समजले की पुढचे सारे सोपे होते. आपल्या आजोबांच्या काळ्या सायकलीला लोखंडी सळ्यांचे ब्रेक असत. त्या सळ्या सरळ रेषेतच ओढत. वळण आले की सांधा लागे. वळणावळणातून ओढ नेण्याची युक्ती अर्नेस्ट मॉनिंग्टन बोडेन यांच्या नावाने ओळखली जाते; त्यांचे पेटंट 1896 सालचे आहे. आत ओढली जाणारी वायर आणि बाहेर न दबणारी नळी, एवढाच तिचा गाभा. वायर जितक्या जोराने ओढली जाते, तितक्याच जोराने आउटर दाबले जाते. म्हणून आउटर दबले, चिरले किंवा त्याचे टोक वाकडे कापले गेले, तर नवी कोरी वायर असूनही ब्रेक मऊ लागतो. केवळ वायर बदलून आउटर तसेच ठेवण्याची काटकसर त्यामुळे बहुधा अंगलट येते.

कडक झालेली केबल ही केवळ यंत्राची तक्रार नव्हे. गंजलेल्या आउटरमधून वायर ओढायला बोटांना दुप्पट जोर करावा लागतो. लांबच्या उतारावर तळहात आखडतो, मनगट दुखते आणि भीतीने खांदे ताठ होतात. ज्यांचे हात लहान आहेत, अशा घरातील मुलामुलींना तर पूर्ण ब्रेक दाबणेच अशक्य होऊन बसते. मूल उतारावर घाबरते म्हणून त्याला रागावण्याआधी एकदा त्याच्या सायकलीची लिव्हर आपण स्वतः दोन बोटांनी दाबून पाहावी.

साहित्य फार लागत नाही, पण खरेदी जपून करावी. ब्रेकचे आउटर आणि गिअरचे आउटर दिसायला सारखेच असले, तरी त्यांची घडण वेगळी असते. ब्रेकच्या आउटरमध्ये पोलादी पट्टी स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. गिअरच्या आउटरमध्ये पोलादी तारा लांबीच्या दिशेने सरळ ठेवलेल्या असतात. गिअरचे आउटर ब्रेकला लावले, तर जोराच्या दाबाखाली त्या तारा प्लास्टिक फोडून बाहेर येऊ शकतात आणि ब्रेक क्षणात निकामी होतो. या लेखातील एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ही ठेवावी. तसेच रोड बाइकच्या ब्रेक वायरीचे डोके नाशपातीच्या आकाराचे असते, साध्या आडव्या हँडलच्या सायकलीचे गोल दंडगोल. दुकानात जाताना जुनी वायर सोबत न्यावी, म्हणजे चूक होत नाही.

कापण्यासाठी केबल कटरच हवा. घरातल्या पकडीने आउटर चेपते आणि वायर पिंजारते. कापताना चष्मा घालावा, कारण तुटलेला पदर डोळ्याकडे उडतो. लहान मुलांना तेवढा वेळ दूर बसवावे. जुन्या आउटरच्या लांबीएवढे नवे कापावे, टोक कानशीने सपाट करावे, आतल्या प्लास्टिकच्या नळीचे दबलेले तोंड दाभणाने उघडावे आणि टोपी बसवावी. कंटाळा येतो तो इथेच, आणि काम बिघडते तेही इथेच.

दोन्ही ब्रेक एकदम कधीही उघडू नयेत. एक तसाच राहू द्यावा. अडले की तोच पाहून पुढे जाता येते. पाच नंबरच्या ॲलन कीने ब्रेकचा बोल्ट सैल करावा, जुनी वायर लिव्हरच्या बाजूने बाहेर काढावी आणि नवी त्याच वाटेने घालावी. हँडलच्या टेपखालचे आउटर बदलायचे, तर टेपही सोडावी लागते. ती नवीनच घ्यावी. ब्रेकच्या रबरांना बोटांनी रिमशी धरून वायर ताणावी आणि बोल्ट आवळावा. मग लिव्हर दहा-पंधरा वेळा सर्व शक्तीने दाबावी. आउटर टोप्यांत नीट बसते, वायर किंचित सैल होते. ती पुन्हा ताणून घ्यावी. घरात वायर सुटली तर बरेच झाले असे समजावे. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून केबल कुठे ओढली जात नाही ना, हेही पाहावे.

गिअरची वायर ब्रेकच्या वायरीहून बारीक, साधारण 1.2 मिलिमीटरची. ती काढण्यापूर्वी मागची चेन सर्वांत लहान चक्रीवर आणावी; त्याशिवाय वायरीचे डोके लिव्हरमधून बाहेर येण्याच्या जागी येत नाही. नवी वायर घातल्यावर डिरेलरवरचा गोल ॲडजस्टर पूर्ण आत फिरवून, वायर हाताने ताठ करून बोल्ट आवळावा. चेन मोठ्या चक्रीवर चढायला कुचराई करीत असेल, तर ॲडजस्टर अर्धा फेरा बाहेर. लहान चक्रीवर उतरायला वेळ लावत असेल, तर अर्धा फेरा आत. शेजारच्या दोन छोट्या स्क्रूंना हात लावण्याचा मोह मात्र टाळावा. डिरेलर कोठवर जाईल याची सीमा ते ठरवतात. केबल बदलल्याने ती बदलत नाही.

ज्यांच्या सायकलीत केबल फ्रेमच्या पोटातून जाते, त्यांनी जुनी वायर काढण्याआधी तिच्यावरून बारीक प्लास्टिकची नळी आत सरकवून ठेवावी. पुढच्या वायरीला वाट तयार मिळते. केबल हँडलखालच्या बेअरिंगमधून जात असेल किंवा ब्रेक तेलावर चालणारे असतील, तर सरळ जाणत्या मेकॅनिककडे जावे. त्यात कमीपणा नाही.

वायरीचे टोक तीन-चार सेंटिमीटर ठेवून बाकीचे कापावे आणि त्यावर छोटी टोपी चेपावी. नाही तर पिंजारलेले टोक पोटरीला ओरखडते. पहिली फेरी घाटात नको; सकाळी रहदारी नसताना रंकाळ्याच्या काठचा सपाट रस्ता उत्तम. आधी सायकल हाताने ढकलत पुढचा ब्रेक दाबून पाहावा. मागचे चाक उचलले गेले, तर पकड ठीक आहे. दोन-तीन फेऱ्यांनंतर वायर आणखी थोडी सैल जाणवेल. तेव्हा लिव्हरच्या किंवा ब्रेकच्या जवळचा ॲडजस्टर एक-दोन फेरे बाहेर काढला की पुरे. बोल्ट पुन्हा उघडावा लागत नाही.